वृद्धांसाठीं विजेचा ग्रिल : निवड कशी करावी?

घरांतील वडील माणसांनीं स्वयंपाकघर सोडावें कीं सोडूं नये, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांत उघडपणें बोलला जात नसला, तरी मनांतल्या मनांत सारखा घोळत असतो. आजींचे हात थरथरतात, आजोबांना आधण ठेवल्याचा विसर पडतो, म्हणून मुलें-सुना प्रेमानें म्हणतात, “आतां तुम्ही नुसतें बसा, सगळें आम्ही करतों.” हेतु चांगलाच असतो. परंतु जिनें पन्नास वर्षें सर्वांस वाढलें, तीस भूक लागली असतां दुसऱ्याच्या येण्याची वाट पाहत बसावें लागणें ही गोष्ट लहान नव्हे. म्हातारपणीं शक्ति एक-एक करून जात असते. तिच्याबरोबर स्वतःचा घास स्वतः शिजविण्याचा हक्कहि काढून घेतला, तर माणूस आंतून खचतें. उलट, जुन्याच रीतीनें सर्व चालूं द्यावें, तर अपघाताची भीति खरी असते. या दोहोंच्या मधली वाट शोधण्यास विजेचें एखादें सोपें उपकरण उपयोगी पडतें काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

नाशिक जिल्ह्यांतील नांदगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं हा प्रश्न विशेष जाणवतो. मध्य रेल्वेच्या मार्गावर मनमाडच्या पुढें चाळीसगांवच्या दिशेनें जातांना हें गांव लागतें. गाडीची सोय असल्यामुळें मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं नाशिक, पुणें, मुंबई येथें जातात. जीं घरें अजून एकत्र आहेत, त्यांतहि सुना शाळेंत, बँकेंत वा कचेरींत जातात, आणि दुपारीं घरीं वडील माणसेंच उरतात. डब्यांत झांकून ठेवलेलें अन्न गार झालेलें असतें. तें गरम करण्यासाठीं किंवा संध्याकाळीं दोन रताळीं भाजण्यासाठीं गॅस पेटवावा लागतो, आणि तेथेंच घरच्यांच्या पोटांत गोळा उठतो.

ही भीति अनाठायीं नाहीं. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. पण वय वाढतें तशी वास घेण्याची शक्ति कमी होते, आणि हा इशारा ज्यांना मिळावयाचा त्यांनाच तो मिळत नाहीं. दुसरी गोष्ट पदराची. उघड्या ज्योतीवर वांकून कांहीं उचलतांना लुगड्याचा पदर पेटण्याचे प्रसंग आपल्याकडे नवे नाहींत. तिसरी गोष्ट त्वचेची. म्हातारपणीं ती पातळ होते, आणि ज्यांस बरेच वर्षांचा मधुमेह आहे, त्यांपैकीं अनेकांच्या बोटांची जाणीव मंदावते. चटका बसला हें उशिरा कळतें.

विजेच्या ग्रिलांत ज्योत नाहीं व गॅस नाहीं. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या तारेंतून वीज गेली कीं ती तापते, आणि ती उष्णता तव्यास मिळते, एवढेंच त्याचें तत्त्व. बाजारांत याचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, पुस्तकाप्रमाणें उघडमीट होणारा दोन तव्यांचा. दुसरा, उघड्या सळयांखालीं तापती तार असलेला. तिसरा, दार असलेल्या पेटीसारखा, ज्यास ओटीजी म्हणतात. वृद्धांसाठीं आमची पसंती निःसंशय पहिल्यास आहे. त्यांत पदार्थ दोन्हीं बाजूंनीं एकदमच भाजला जातो. तो उलटावा लागत नाहीं, म्हणून चिमटा व सराटा घेऊन गरम तव्याशीं झटापट करावी लागत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत तापलेला भाग उघडा राहतो. तिसऱ्यांत हात आंत घालून जड ताट बाहेर ओढावें लागतें, आणि भाजण्याचे डाग बहुधा मनगटावर पडतात ते त्याच वेळीं.

प्रकार ठरल्यावर प्रत्यक्ष वस्तु निवडतांना आम्ही पहिली सूचना ही करूं, कीं ज्यांनीं ती वापरावयाची त्यांनाच दुकानांत न्यावें. मुलानें शहरांतून आणलेलें महागडें यंत्र फडताळांत धूळ खात पडतें, याचें कारण बहुधा यंत्रांत नसतें. निवड दुसऱ्याच्या हातानें व दुसऱ्याच्या डोळ्यांनीं झालेली असते. आजींना वरचा तवा एका हातानें उचलावयास सांगावा. तो जड वाटला किंवा अर्ध्यावर सोडतांच धाडकन् पडला, तर तो ग्रिल नको. मूठ रुंद असावी, भाजत असतां तापूं नये, आणि आखडलेल्या बोटांनीं सहज धरतां यावी. मिटवून ठेवण्याचा खटका नखानें ओढावा लागत असेल, तर तोहि गैरसोयीचाच.

त्यानंतर डोळे व कान. काळ्या पृष्ठभागावर करड्या अक्षरांत कोरलेल्या खुणा तरुणांसहि नीट दिसत नाहींत. मग मोतीबिंदु असलेल्यांचें काय? वय वाढलें कीं डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जातें व निळा रंग फिका दिसूं लागतो. म्हणून निळ्या दिव्यापेक्षां ठळक तांबडा दिवा बरा. कांचेवर बोट टेकवून चालविण्याच्या कळांपेक्षां फिरविण्याची मोठी कळ चांगली, कारण ती कोठें आहे हें हातास कळतें. घरीं आणल्यावर नेहमींच्या आंचेपाशीं तांबड्या नखरंगाचा एक ठिपका लावून ठेवावा. चष्मा न सांपडला तरी काम अडत नाहीं. कानांचेंहि तसेंच आहे. म्हातारपणीं उंच, बारीक आवाज आधीं ऐकूं येईनासे होतात. म्हणून टिक्‌टिक्‌ असा बारीक आवाज करणाऱ्या यंत्रापेक्षां खणखणीत घंटी देणारें घड्याळ असलेलें यंत्र घ्यावें.

सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे ठरल्या वेळेनंतर आपोआप बंद होणें. थर्मोस्टॅट असला म्हणजे हें काम झालें असें पुष्कळांस वाटतें, पण तसें नाहीं. थर्मोस्टॅट उष्णता मर्यादेंत ठेवतो. वीज कायमची तोडीत नाहीं. त्यासाठीं वेळेची कळ निराळी लागते. येथें गांवाकडील एक अडचण ध्यानांत घ्यावी. मध्येंच वीज गेली कीं माणूस उठून दुसऱ्या कामास लागतें किंवा आडवें होतें. तासाभरानें वीज आली, कीं साधा ग्रिल कोणास न विचारतां पुन्हा तापूं लागतो. म्हणून वीज गेली कीं आधीं भिंतीवरील कळ बंद करावयाची, ही संवय पहिल्या दिवसापासून लावावी. आणि शक्य असल्यास वीज परत आल्यावर स्वतः सुरू न होणारें यंत्रच घ्यावें.

भिंतीकडेहि पाहिलें पाहिजे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. ६ ॲम्पियरचें लहान सॉकेट हिशेबानें सुमारें १,३८० वॅट सोसतें. तेव्हां ७५० ते १,००० वॅटचा लहान ग्रिल त्यावर चालेल, परंतु १,५०० वा २,००० वॅटच्या मोठ्यास १६ ॲम्पियरचेंच सॉकेट हवें. दोन वृद्ध माणसांच्या घासांपुरता लहान ग्रिल पुरतो. जुन्या वाड्यांत कित्येकदां तीन भोकांचें सॉकेट असतें, पण त्यामागें जमिनीची तार जोडलेलीच नसते. जाणत्या वायरमनकडून ती तपासून घ्यावी व घरांत ३० मिलिॲम्पियरची आर.सी.सी.बी. बसवावी, वीज अंगांतून वाहूं लागतांच ती प्रवाह तोडते. ग्रिलावर आय.एस.आय.ची खूण आहे ना, हें पाहावें. लांब तारेची जोडपट्टी वापरूं नये. वायर चालण्याच्या वाटेंत आली, तर भाजण्याऐवजीं पडण्याचा अपघात व्हावयाचा. ओटा उंच वाटत असल्यास कंबरेइतक्या स्थिर टेबलावर, नळापासून दूर, ग्रिल ठेवावा.

खर्चाचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. १,००० वॅटचा ग्रिल पाव तास सतत चालला, तर पाव युनिट वीज लागते. थर्मोस्टॅट मधून-मधून वीज तोडीत असल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहूनहि कमी. खर्च होतो तो दुरुस्तीचा. म्हणून दुरुस्ती नांदगांवांत होईल, मनमाडास जावें लागेल, कीं यंत्र नाशिकास पाठवावें लागेल, हें पैसे देण्यापूर्वींच विचारावें.

तवे सुटे निघणारे असल्यास धुणें सोपें. पण ते बसवितांना जोर लागत असेल, तर पुसून घेण्याजोगे पक्के तवेच बरे. यंत्र पाण्यांत कधींहि बुडवूं नये. न चिकटणाऱ्या लेपाच्या तव्यावर लोखंडी सराटा चालवूं नये व तो रिकामा फार वेळ तापवूं नये. सुमारें २६० अंश सेल्सिअसच्या वर तो लेप बिघडूं लागतो.

आतां त्यांत काय होईल व काय होणार नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. रताळ्याच्या, दुधी भोपळ्याच्या व वांग्याच्या चकत्या, पनीर, पाव आणि सकाळची भाकरी गरम करणें, हें उत्तम होतें. चकत्या बोटाच्या निम्म्या जाडीच्या कराव्या, म्हणजे आंतपर्यंत मऊ होतात व दांत नसलेल्यांनाहि चावतात. मात्र बाजरीची भाकरी त्यांत फुगणार नाहीं. तिला तवा व आंचच हवी. तसेंच खानदेशच्या सीमेवरील आपल्या लोकांस तुराट्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्याची चव विजेवर मिळेल, अशी आशा धरूं नये. अख्खें वांगें मिटत्या ग्रिलांत मावतहि नाहीं. चकत्या भाजून त्यांचें भरीत करतां येतें, धुराचा वास तेवढा राहून जातो. पदार्थ सोनेरी झाला कीं काढावा, काळा होऊं देऊं नये. पिष्टमय पदार्थ फार भाजल्यास त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य तयार होतें, हें स्वीडनमधील संशोधकांनीं २००२ सालीं दाखवून दिलें आहे.

एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. ज्यांची स्मृति खरोखरच ढळली आहे, घेतलेलें औषध पुन्हा घेतलें जातें, ओळखीचीं माणसें ओळखूं येत नाहींत, त्यांच्या हातीं एकटें असतां कोणतेंहि तापणारें यंत्र देऊं नये. त्यांनीं चकत्या कापाव्या, मीठ लावावें. कळ दुसऱ्यानें फिरवावी. यानेंहि पुष्कळ समाधान लाभतें.

इतरांच्या बाबतींत मात्र उतावीळपणा नको. यंत्र आणल्यावर पहिले आठ दिवस घरांतील कोणीतरी जवळ बसावें. पण हात त्यांचाच चालूं द्यावा. चूक झाली कीं यंत्र ओढून घेऊं नये, पुन्हा करावयास सांगावें. नवव्या दिवशीं दुपारीं सून कामावरून परत येईल, तेव्हां सासूबाईंनीं तिच्यासाठींहि दोन चकत्या भाजून झांकून ठेवलेल्या असल्या, म्हणजे निवड बरोबर झाली असें समजावें.