वावडे की नखरे? अन्नाच्या ॲलर्जीकडे पाहण्याची आपली दृष्टी

एखादा पदार्थ शरीराला न मानवणे यासाठी मराठीत 'वावडे' हा नेमका शब्द आहे. म्हणजेच हा अनुभव आपल्या समाजाला अपरिचित नाही. तरीही पंगतीत एखाद्या मुलाने ताटातला पदार्थ बाजूला सारला की "नखरे करतो", "लाडावून ठेवला आहे" असे शेरे सहज ऐकू येतात. या शेऱ्यांमुळे मुलाच्या जिवाला आणि पोषणाला जो धोका पोहोचू शकतो, त्याविषयी आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्याशी या अहवालाच्या निमित्ताने काही बोलावे, असे आम्हांस वाटते.

बाह्यरुग्ण विभागात दोन प्रकारची कुटुंबे आमच्याकडे येतात. पहिल्या प्रकारात आईवडिलांना निदान पटलेले असते. पण घरातील वडीलधाऱ्यांना ते पटत नाही. "एका घासाने काय होते?" असे म्हणून आजी प्रेमानेच नातवाला पेढ्याचा तुकडा देते. दुसऱ्या प्रकारात कोणा परिचिताच्या सांगण्यावरून रक्ततपासणी केलेली असते. त्या अहवालातील लांबलचक यादी पाहून दूध, अंडे, गहू, शेंगदाणे, वांगे असे सारे मुलाच्या ताटातून काढून टाकलेले असते आणि मूल वाळत चाललेले असते. एकीकडे अविश्वास, दुसरीकडे अतिविश्वास. या दोहोंच्या मुळाशी एकच कारण आहे. तीन निरनिराळ्या व्याधींना आपण एकाच नावाने ओळखतो.

तीन वेगळ्या व्याधी

'ॲलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञांनी १९०६ साली प्रथम वापरला. अन्नाच्या ॲलर्जीत शरीराची संरक्षक यंत्रणा दूध, अंडे, शेंगदाणा, मासे यांसारख्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनांना शत्रू समजते. असा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. क्वचित श्वास कोंडतो आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. येथे प्रमाणाला फारसे महत्त्व नसते. अल्पसा अंशही पुरतो. अशा तीव्र प्रसंगी मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच प्रथमोपचार होय. खाज शमवणाऱ्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

दुसरी व्याधी म्हणजे असह्यता. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर कमी होत जाणे ही जगातील बहुसंख्य प्रौढांची प्रकृतीच आहे. अशा व्यक्तीला पेलाभर दुधाने पोट फुगण्याचा किंवा जुलाबाचा त्रास होतो; परंतु जिवाला धोका नसतो. विरजणात या साखरेचा काही भाग आंबून जातो. त्यामुळे यांपैकी अनेकांना दही वा मठ्ठा सोसतो. दुधाची ॲलर्जी असलेल्या बालकाला मात्र दही, खवा किंवा आपल्या नागपूरची संत्रा बर्फीही चालत नाही. दोघांच्याही तोंडी "दूध चालत नाही" हेच वाक्य असते आणि तेथेच घोटाळा होतो.

तिसरी व्याधी सिलिॲक रोग. गहू, जव यांतील ग्लुटेनमुळे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर आघात करते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार ओढवली आणि पाव दुर्मीळ झाला, तेव्हा या रोगाची मुले सुधारली. पाव परत मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधातून हा संबंध मांडला. आपल्याकडे जुलाब, रक्तक्षय, खुंटलेली उंची अशी लक्षणे असलेल्या मुलाविषयी "खाल्लेले अंगी लागत नाही" एवढेच म्हटले जाते आणि वर्षे निघून जातात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत या रोगाचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. गव्हाचे सेवन उत्तरेत कितीतरी अधिक आहे, हे यामागील एक कारण मानले जाते. ज्वारीची भाकरी मागे पडून पोळी रोजची झालेल्या विदर्भाने याची नोंद घ्यावयास हवी. या रोगावर आजही एकच उपाय आहे, तो म्हणजे ग्लुटेनविरहित आहार, आणि तोही आयुष्यभर.

तपासणीचा अर्थ

अतिविश्वासाविषयीही सांगितले पाहिजे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण भारतातील शाळकरी मुलांपैकी १९.१ टक्के मुलांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. संभाव्य अन्न-ॲलर्जी मात्र अवघ्या ०.१४ टक्के मुलांत होती. रक्तात प्रतिपिंड दिसणे आणि ते अन्न प्रत्यक्ष बाधणे यांत एवढे अंतर आहे. म्हणून आधी सविस्तर विचारपूस आणि त्यानंतर गरजेपुरती तपासणी, हाच क्रम योग्य. सिलिॲकच्या बाबतीत तर तपासणीपूर्वी गहू बंद केल्यास निदानच चुकू शकते.

भीतीपोटी अन्न टाळणे कधी कधी उलटेही ठरते. २०१५ साली ब्रिटनमध्ये ६४० बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ही सारी बालके ॲलर्जीची जोखीम अधिक असलेली होती. ज्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्यापैकी १७.२ टक्के बालकांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. ज्यांना तान्हेपणापासून तो योग्य स्वरूपात भरवला, त्यांच्यात हे प्रमाण ३.२ टक्के होते. अर्थात जोखीम असलेल्या बालकाबाबत हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

आमच्या स्वयंपाकघराने शिकवलेला धडा

येथे एक प्रांजळ कबुली देतो. सिलिॲक असलेल्या एका मुलीसाठी आमच्या स्वयंपाकघरातून वरणभात गेला. तिच्या आईने विचारले, "फोडणीला कोणता हिंग घातला?" डबी पाहिली असता तिच्यावर घटकांमध्ये गव्हाचे पीठ लिहिलेले होते. बाजारातील बांधानी हिंगात ते बहुधा असतेच. ही गोष्ट आमच्या लक्षात यावयास हवी होती. ती त्या माउलीने आणून दिली. त्या दिवसापासून अशा रुग्णांची फोडणी वेगळी होते, डबीवरील घटक वाचले जातात आणि ज्वारी स्वतंत्र जात्यावर दळली जाते. गव्हाच्या मागोमाग त्याच गिरणीत दळलेले ज्वारीचे पीठ या रुग्णांना निर्धोक नसते. २०२०च्या केंद्रीय नियमांनुसार बंद पाकिटांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन आदी घटकांची ठळक सूचना आवश्यक आहे. पंगतीतील पदार्थावर मात्र कोणतेही लेबल नसते. तेथे यजमानाचा शब्द हाच आधार असतो.

पथ्याचा मान

आपला समाज पथ्य पाळण्यात मुळीच मागे नाही. चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य करणाऱ्या पाहुण्यासाठी आपण वेगळी भाजी करतो. एकादशीला घरातील उपवासकऱ्यांसाठी साबुदाणा, भगर, राजगिरा वेगळा रांधला जातो. त्यांना कोणी "एका घासाने काय होते?" असे विचारीत नाही. व्रताला आपण जो मान देतो, तोच आजारी बालकाच्या पथ्याला द्यावा, एवढीच आमची विनंती आहे. त्यात डोळसपणाही हवा. उपवासाची खिचडी सिलिॲकच्या मुलाला सहसा चालेल. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला तिच्यातील दाण्याचा कूट घातक ठरेल. प्रसाद नाकारणाऱ्या मुलाला देवाचा अनादर केल्याचा दोष लागत नाही, हे वडीलधाऱ्यांनीच चारचौघांत सांगितले तर त्या मुलाचे अर्धे ओझे उतरेल.

या व्याधींवरील उपचारांत महागडी यंत्रे थोडी आणि माणसांचा वेळ फार लागतो. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. त्यातील गहू ज्या घरातल्या मुलाला चालत नाही, त्या घराला ज्वारी विकत घ्यावी लागते. आहारतज्ज्ञांना अशा कुटुंबासमवेत तासभर बसून परवडेल असा आठवड्याचा स्वयंपाक ठरवून द्यावा लागतो. देणगीदारांच्या औदार्यामुळे हा तास आम्ही विनामूल्य देऊ शकतो, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आणखी एक देणगी मात्र प्रत्येकाला देता येण्याजोगी आहे. घरी पंगत बसेल तेव्हा वाढण्यापूर्वी एकवार विचारावे, "कोणाला कशाचे वावडे तर नाही ना?" आणि जे उत्तर मिळेल त्यावर विश्वास ठेवावा.