पडदा काळा झाला की काय करायचं?

आज विषय आहे दुरून संगणक चालवण्याचा. आपण आपल्या घरी बसायचं आणि दुसऱ्या गावातल्या संगणकावर काम करायचं. मुलगा बंगळुरूत, आईवडील बेळगावात नाहीतर इंदुरात, अशी घरं आता सर्रास आहेत. त्यामुळे हे काम कधी ना कधी तुमच्याकडे येणारच.

माझ्याकडे ते २०२० च्या नोव्हेंबरात आलं. कोरोनामुळे प्रवासाची सोय नव्हती. वहिनी बडोद्याला एकट्या. दादा गेल्यापासून त्यांचं सगळं कुटुंब निवृत्तिवेतनावर चालतं आणि त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो घरबसल्या ‘जीवन प्रमाण’वर काढायचा म्हणून अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र मागवलं होतं. त्याचं सॉफ्टवेअर तेवढं टाकायचं होतं. मी महूहून त्यांच्या संगणकात शिरलो, फाइलवर डबल क्लिक केलं आणि माझ्यापुढचं चित्र काळं झालं.

मला वाटलं, नेट गेलं. थोड्या वेळानं चित्र परत आलं, पण सॉफ्टवेअर काही बसलेलं नव्हतं. पुन्हा डबल क्लिक, पुन्हा काळं. असं तीनदा. शेवटी फोन लावला.

“वहिनी, तुमच्याकडे काय दिसतंय?”

“भाऊजी, एक चौकट येते आणि जाते. हो की नाही विचारते. पण तुम्हीच म्हणालात ना, कशाला हात लावू नका म्हणून!”

सारी नोकरी मी सिग्नल्समध्ये काढली. संदेश मिळाला की तो उलट वाचून दाखवायचा, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि मी जाग्यावर असलेल्या एकमेव माणसाला गप्प बसवून ठेवलं होतं!

झालं होतं ते असं. आपण दुरून संगणक चालवतो तेव्हा तिकडून इकडे मुख्यतः पडद्याचं चित्र येतं आणि इकडून तिकडे माऊस व कळांच्या खुणा जातात. संगणकात मोठा बदल करायचा असला की विंडोज परवानगी विचारतं आणि तो प्रश्न एका वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर मांडतं. साध्या प्रोग्रॅमना तो पडदा दिसत नाही आणि त्यावर क्लिकही करता येत नाही. आपला दूरनियंत्रणाचा प्रोग्रॅम बहुधा त्यांच्यातलाच असतो. म्हणून आपल्याला काळं किंवा गोठलेलं चित्र दिसतं आणि तिकडे प्रश्न उभा असतो. उत्तर वेळेत मिळालं नाही तर तो आपोआप रद्द होतो.

यावर काही जण सांगतात, ती परवानगीची सोयच बंद करून टाका. माझं मत विचाराल तर अजिबात करू नका. तो दारावरचा संतरी आहे. त्याचं ‘थम, कौन आता है’ आपल्यालाही ऐकावं लागतं, पण म्हणून कोणी संतरी हटवत नाही. समोरच्याला चौकट वाचायला सांगा, प्रोग्रॅमचं नाव बरोबर आहे का ते ऐका, मगच ‘हो’ दाबायला सांगा. आमचा दाखला त्याच संध्याकाळी निघाला.

विंडोजचं स्वतःचं ‘रिमोट डेस्कटॉप’ या कामाला फारसं उपयोगी नाही. त्यानं आपण शिरलो की तिकडचा पडदा कुलूपबंद होतो आणि समोरचा माणूस घाबरतो. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत असा प्रवेश घेताच येत नाही. आपल्याच कचेरीतल्या संगणकावर घरून काम करायला ते उत्तम. दोघांनी एकच पडदा बघायचा असेल तर ‘क्विक असिस्ट’सारखं साधन घ्या.

दुसरी डोकेदुखी उशिराची. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये माऊसचा बाण आपल्याच संगणकावर काढला जातो, म्हणून तो लगेच हलतो. चित्र मात्र मागून येतं. आपण क्लिक करतो, काही होत नाही, पुन्हा क्लिक करतो आणि तो दुसरा क्लिक नुकत्याच उघडलेल्या भलत्याच बटणावर पडतो. उपग्रहावरून बोलताना आम्हाला याची सवय होती. ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायला आवाजाला पाव सेकंद लागतो, म्हणजे उत्तर अर्ध्या सेकंदानं. तिथे घाई करणारे दोघं एकाच वेळी बोलत. इथेही तेच: एक क्लिक, मग हात माऊसवरून बाजूला. तिकडचा वॉलपेपर काढून साधा रंग ठेवला की चित्राचा भारही जरा हलका होतो.

अक्षरं मुंगीएवढी दिसली तर समजा, तिकडचा पडदा मोठा आहे आणि तो तुमच्या लॅपटॉपवर दाबून बसवलाय. ‘मूळ आकार’ निवडा. मग सरकवत बघावं लागतं, पण वाचता येतं. उघडलेली खिडकी दिसतच नसेल तर विचारा, “तुमच्याकडे दुसरा मॉनिटर आहे का?” बहुतेक वेळा ती तिथेच असते.

आपल्या लोकांची खास अडचण कीबोर्डची. काही प्रोग्रॅम अक्षर पाठवत नाहीत, कोणती कळ दाबली एवढंच पाठवतात. तिकडे मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर तुम्ही ‘के’ दाबलंत तरी तिकडे ‘क’ उमटतो, ‘एल’ला ‘त’. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके, त्यामुळे चूक कळत नाही आणि पुन्हा पुन्हा चुकला की खातं बंद होऊ शकतं. आधी नोटपॅडमध्ये दोन अक्षरं टंकून पाहा. पासवर्ड मात्र शक्यतो त्यांचा त्यांनाच टाकू द्या.

आणि काम सुरू करण्याआधी जोडणी तोडायचं बटण कुठे आहे ते समोरच्याला दाखवा, एकदा तोडायलाही लावा. हीच साधनं ठकही वापरतात. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच अशा ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. आपण होऊन फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला कधीच आत घ्यायचं नाही. घेतलाच असेल तर नेटची वायर किंवा राउटरचा प्लग काढायचा, बँकेला कळवायचं आणि १९३० वर फोन करायचा. वहिनींनी हा नंबर राउटरवरच चिकटवून ठेवलाय.