बारा फुटांची घरपट्टी

यंदाचं मालमत्ता कराचं बिल आलं आणि शेजारच्या वन-रूम-किचनवाल्यांनी बारशाचे पेढे वाटावेत तशा तोंडाने स्वतःचं दाखवलं. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ आहे. आमचं घर 512. वरच्या बारा फुटांपुरता कर भरा, असं नाही. 500 ओलांडले की अख्ख्या घराची आकारणी.

महापालिकेच्या 1888च्या कायद्यापासूनचं पुराण सांगत बसत नाही. घर वर्षभर भाड्याने दिलं तर काय येईल ते धरायचं, डागडुजीचे दहा टक्के वजा, उरलं ते करपात्र मूल्य. नव्वदच्या दशकात बोरिवलीच्या याच घरात बाबा हे बिलाच्या पाठीवर पेन्सिलने मांडायचे. भाडं महिना 500, वर्षाचे 6,000, वजा 600, राहिले 5,400. मग सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, शिक्षण, वृक्ष, एकेका दराने टक्के काढायचे. बेरीज जुळली की पेन्सिल कानावर.

बेरीज जुळायची, एवढंच. 1947च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी 1940च्या पातळीवर गोठवली, त्यांच्याबरोबर करपात्र मूल्यही गोठलं. मलबार हिलच्या जुन्या इमारती फुटामागे उपनगरातल्या नव्या घरांपेक्षा कमी भरत. गिरगावातले आमचे काका पागडीच्या खोलीत. दर दिवाळीला विचारायचे, "काय रे, पट्टी किती आली?" आकडा त्यांना माहीत असायचाच. काका, आता सांगतो, त्यानंतर तुमच्याकडची करंजी मला कधी गोड लागली नाही.

म्हणून 2010मध्ये भांडवली मूल्य आलं तेव्हा मी मनातून खूश होतो. रेडीरेकनरचा दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकाम, इमारतीचं वय, मजला, सगळ्यांचा गुणाकार आणि त्यावर कराचा दर. गिरगावचा रेडीरेकनर चढा, आता कळेल! कसलं काय. 500 फुटांच्या आतल्या घरांची पट्टी वाढवायची नाही असं ठरलं, आणि काकांची खोली 180 फुटांची. पुढे नोव्हेंबर 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जागेवर भविष्यात किती बांधता येईल ते धरून मूल्य काढणारे नियम रद्द ठरवले. ती लढाई जमीनवाल्यांची.

परवा टेप घेऊन बारा फूट शोधले. खिडकीखाली चार बाय तीनची जागा निघाली. बाबांचं टेबल तिथेच असायचं.