क्युबाचा सिगार : जितक्या सीमा, तितके नियम

खास प्रतिनिधी

हवानाच्या दुकानात रीतसर विकत घेतलेला सिगार लंडनला नेता येतो, टोरांटोला नेता येतो आणि मुंबईतही आणता येतो. न्यूयॉर्कच्या विमानतळावर मात्र तोच सिगार जप्त होतो. अमेरिकेत स्थायिक असलेले किंवा अमेरिकामार्गे मायदेशी परतणारे अनेक भारतीय प्रवासी याच ठिकाणी अडचणीत येऊ शकतात. ‘अमेरिकेने ही बंदी उठवली आहे’, असा समज आजही आढळतो. तो एके काळी अंशतः खरा होता, आज नाही.

या बंदीचे मूळ शीतयुद्धात आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबाशी होणाऱ्या व्यापारावर संपूर्ण निर्बंध लादले. आदेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना सिगार आणावयास सांगितले आणि सॅलिंजर यांनी १,२०० सिगार मिळवले. ही आठवण स्वतः सॅलिंजर यांनीच नंतर सांगितली. निर्बंधांचा हेतू क्युबाची आर्थिक कोंडी करण्याचा असल्याने तेथे प्रश्न तंबाखूचा नसून तिच्या उगमस्थानाचा आहे.

सहा वर्षांत तीन बदल

बराक ओबामा यांनी डिसेंबर २०१४ मध्ये क्युबाशी संबंध सुधारण्याची घोषणा केली. त्यानंतर जानेवारी २०१५ पासून, परवानगी असलेल्या कारणांसाठी क्युबाला जाऊन येणाऱ्यांना मद्य व तंबाखू मिळून १०० डॉलरपर्यंतचा माल आणण्याची मुभा मिळाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ही किमतीची मर्यादाही काढून टाकण्यात आली. वैयक्तिक वापरासाठी, तिसऱ्या देशात खरेदी केलेले क्युबन सिगारदेखील सोबत आणता येऊ लागले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये मद्य व तंबाखूपुरती ही सवलत रद्द केली. सवलतीच्या बातम्या अनेकांच्या स्मरणात राहिल्या. ती रद्द झाल्याची बातमी करोनाच्या गदारोळात मागे पडली.

त्यामुळे आज क्युबन सिगार सोबत घेऊन अमेरिकेत प्रवेश करता येत नाही. तो हवानात घेतला की दुबईच्या शुल्कमुक्त दुकानात, एक आहे की पंचवीस, स्वतःसाठी आहे की भेट म्हणून, याने फरक पडत नाही. प्रवाशाच्या नागरिकत्वानेही पडत नाही. अन्य देशात तयार झालेल्या, पण क्युबन तंबाखू असलेल्या सिगारलाही हाच नियम लागू आहे. अमेरिकी नागरिकाने परदेशात असताना तो ओढण्यास हरकत नाही. सोबत आणण्यास आहे.

नावावरूनही गफलत होते. ‘कोहिबा’ या नावाचे दोन सिगार बाजारात आहेत. एक क्युबाचा, तर दुसरा डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनणारा. दुसरा अमेरिकेत उघडपणे विकला जातो. म्हणून नाव न पाहता निर्मितीचा देश पाहावा.

केवळ विमान बदलायचे असले तरी

अमेरिकेत केवळ विमान बदलणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशालाही इमिग्रेशन व कस्टम्सची तपासणी पार करावी लागते. टोरांटो किंवा माँट्रियलहून अमेरिकेला निघणाऱ्यांची ही अमेरिकी तपासणी तर कॅनडातील विमानतळावरच उरकली जाते. म्हणजे कॅनडात कायदेशीररीत्या घेतलेला सिगार विमानात बसण्यापूर्वीच अडू शकतो. सिगार सोबत असल्याचे जाहीर केल्याने जप्ती टळत नाही. पण माहिती दडवल्याचा ठपका टळतो. सिगारवरील कागदी पट्टी काढून तो दुसऱ्या देशाचा असल्याचे सांगणे म्हणजे खोटी माहिती देणे. त्यातून दंड होऊ शकतो आणि ‘ग्लोबल एंट्री’सारखी जलद प्रवेशाची सुविधाही गमवावी लागू शकते. सिगारच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

अन्य देश आणि भारत

अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी प्रश्न उगमाचा नसून संख्येचा असतो. ब्रिटन आणि कॅनडात शुल्कमुक्त मर्यादा ५० सिगारांची आहे. ऑस्ट्रेलियात सिगारेट व सिगार मिळून अवघी २५ ग्रॅम तंबाखू शुल्काविना नेता येते. दोन-तीन जाड सिगारांतच ही मर्यादा संपते. सिंगापूरमध्ये तंबाखूला शुल्कमाफीच नाही, त्यामुळे एक सिगार असला तरी तो जाहीर करावा लागतो.

भारतात २०१४ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा ५० वरून २५ सिगारांवर आणण्यात आली. १०० सिगारेट किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू, अशी ही सवलत आहे. तिन्ही गोष्टी एकत्र आणता येतील, असा तिचा अर्थ नाही. क्युबन सिगारांची पारंपरिक पेटी २५ नगांची असते. म्हणजे एका प्रवाशामागे एक पेटी. त्याहून अधिक सिगार असल्यास मुंबई विमानतळावर रेड चॅनलमध्ये जाऊन ते जाहीर करावेत आणि शुल्क भरावे.

क्युबातून बाहेर पडतानाही तपासणी असतेच. तेथील नियमानुसार २० सुटे सिगार, किंवा अधिकृत होलोग्राम असलेल्या मूळ बंद पेटीत ५० पर्यंत सिगार नेता येतात. त्यापुढे अधिकृत दुकानाची पावती दाखवावी लागते. रस्त्यावर स्वस्तात मिळणारी पेटी बहुधा बनावट असते आणि तिची पावतीही मिळत नाही.

परतीच्या तिकिटावर अमेरिकेतील एकही थांबा असेल, तर क्युबन सिगार विकत न घेणे हेच शहाणपणाचे. थांबा नसेल तर पेटी फोडू नये, पावती जपून ठेवावी आणि वाटेतील प्रत्येक देशाचा नियम निघण्यापूर्वी त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये; अमेरिकेचा नियम त्याहून कमी काळातही बदललेला आहे.