नोकरी जाण्याआधीची तयारी : कपडा, राहणी आणि पत



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, पाचट, हुमणी अशा विषयांवर लिहितो. या खेपेस कपड्यांवर लिहिणार आहोत. ऊसविकास अधिकाऱ्याला परीटघडीची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज आपल्या कार्यक्षेत्रात असे घर विरळा, की ज्या घरचा एखादा मुलगा, मुलगी किंवा सून मुंबई-पुण्याकडे नोकरीला नाही. तिकडची नोकरी गेली की त्याचा ताण शेवटी इथल्या उसाच्या बिलावरच येतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

गेल्या हंगामाच्या मध्यावर एक वयस्क सभासद गट ऑफिसात आले.

"सायेब, बिल कवा जमा व्हायचं?"

आम्ही म्हणालो, "आबा, सोसायटीची वसुली वजा जाऊन उरेल ते खात्यावर पडेल. एवढी घाई कशाची?"

आबा जरा घुटमळले. मग म्हणाले, "पोरगं मीरा रोडला असतंय. कंपनी मानसं कमी करनार म्हनं. दुसरीकडं मुलाखतीला जायाला कोट-बूट घ्यायचाय. तीस हजार धाडा म्हनतंय."

पुढे कामानिमित्त आमचे मुंबईला जाणे झाले, तेव्हा आबांच्या सांगण्यावरून आम्ही त्या मुलाला भेटलो. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पश्चिम रेल्वेने दहिसर सोडले की मुंबईची हद्द संपते आणि ठाणे जिल्ह्यातले पहिले स्टेशन लागते ते मीरा रोड. तिथे पूर्वेला शांती नगर म्हणून सेक्टर पाडून बांधलेली मोठी वसाहत आहे. एकेकाळी हा सारा टापू खाजणाचा आणि मिठागरांचा. मुंबईत जागा परवडेना तशी नोकरदार माणसे इकडे सरकली. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. राहायचे इथे आणि पोटासाठी रोज लोकलने मुंबईत जायचे, असा हजारो घरांचा रिवाज आहे.

स्टेशनवरच्या बाकावर बसून मुलाने खरी गोष्ट सांगितली. नोकरी जाणार नव्हती, दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. तरी तो रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन घरातून निघत होता. बायकोलाही पत्ता नव्हता. कोटासाठी म्हणून मागितलेले पैसे घरभाड्यासाठी हवे होते.

"काका, कपडे अंगावर चढवले की दिवसभर नोकरी आहे असं वाटतं," तो म्हणाला. आम्हाला काय बोलावे ते सुचेना.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून कळली. नऊ वर्षे तो कंपनीने दिलेला शर्ट घालून कामाला गेला. हिशेब पुरा होताना ओळखपत्राबरोबर ते शर्टही परत द्यावे लागले. कपाट उघडले तर बाहेर जाण्यासारखा लग्नातला एक चकचकीत शर्ट, तोही पोटावर ताणलेला. पहिल्या मुलाखतीला तो तोच घालून गेला. समोरच्या माणसाने काही म्हटले नाही, पण आपण अवघडून बसलो आणि येत होते तेही नीट सांगता आले नाही, असे त्याने सांगितले.

सभासद हो, लागणीच्या दिवशी बेणे शोधायला निघणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो? चांगला शेतकरी बेणे मळा आधी करतो आणि दहा-अकरा महिन्यांचे रसरशीत बेणे वेळेला हाताशी ठेवतो. नोकरदाराच्या कपड्यांचे आणि नावाचे तसेच आहे. पगार चालू असतानाच त्याची तयारी झाली पाहिजे.

हे संकट आजचे नाही

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, पण हजारो लोकांची नोकरी कायमची गेली. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातली किती तरी माणसे वळकटी घेऊन गावी परतली. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो, पण पुढे शाळेत जाताना अशी माणसे पाहिली आहेत. त्यातले एक गृहस्थ स्वच्छ पांढरा सदरा-लेंगा घालून रोज एस.टी. स्टँडवर येऊन बसत. कोणी विचारले तर म्हणत, "गिरणीचं पत्र यायचंय." पत्र काही आले नाही.

मोठ्या नावाच्या कंपनीत आहोत म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने जागेवर उभी राहिली. मुंबईच्या या कंपनीतल्या हजारो कर्मचाऱ्यांचा, त्यात ऐटदार गणवेशातल्यांचाही, रोजगार बंद पडला. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली, तेव्हाचे हाल तर आपण सर्वांनी पाहिले. गणवेश कितीही रुबाबदार असला तरी तो कंपनीचा असतो. आपले म्हणून जे कपाटात असेल तेच शेवटी उपयोगी पडते.

तयारी काय करावी

१) आधी कपाट उघडून पाहा. सुट्टीच्या दिवशी सगळे कपडे बाहेर काढून घालून पाहावेत. होणारे, दुरुस्त करण्यासारखे आणि न होणारे असे तीन ढीग करावेत. सैल पँट आत घेता येते, तोकडीच्या शिलाईत कापड असेल तर ती सोडता येते. बटणे पक्की करावीत, उसवलेली शिवण घालावी, लहान छिद्र रफू करून घ्यावे. निम्मी तयारी इथेच पुरी होते.

२) थोडेच पण जुळणारे घ्या. पुरुषांना दोन फिक्या रंगाचे साधे पूर्ण बाह्यांचे शर्ट, एक काळी किंवा गडद निळी पँट, बूट आणि त्याच रंगाचा पट्टा एवढे पुरते. बहिणींना एक-दोन साधे पंजाबी ड्रेस किंवा लोकलच्या गर्दीत न चुरगळणारी मिश्र धाग्याची साडी. प्रत्येक पगाराला एक वस्तू घ्यावी, म्हणजे हप्त्याने घेण्याची पाळी येत नाही. कोट फारच थोड्या नोकऱ्यांना लागतो. गोदाम, दुकान, कारखाना, दवाखाना इथे कोटापेक्षा स्वच्छ, मापाचा शर्ट अधिक शोभतो.

३) काम पाहून कपडा ठरवा. ज्या जागी जायचे तिथली माणसे काय घालतात, ते आदल्या दिवशी गेटवर उभे राहून पाहता येते. त्यांच्यापेक्षा किंचित नीटनेटके जावे, म्हणजे झाले. फिटर, वायरमन यांनी मजबूत बूट, कापलेली नखे आणि स्वच्छ कामाचे कपडे यांकडे लक्ष द्यावे. यंत्रावर काम करणाऱ्याने अंगठ्या, गंडेदोरे, ढगळ बाह्या टाळाव्यात. जाणता फोरमन आधी तेच पाहतो.

४) कपडा टिकवा. शांती नगरसारख्या खाडीकाठच्या वस्तीत हवा दमट. पावसाळ्यात कपड्याला आणि चामड्याला बुरशी धरते. पुरता वाळल्याशिवाय कपडा कपाटात ठेवू नये. खळ घातलेल्या कपड्याला कसर लागते, म्हणून ठेवणीतला कपडा खळ काढून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यापेक्षा जुन्या सुती कापडात गुंडाळावा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालावेत. गडद कपडा उलटा करून सावलीत वाळवावा. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

५) प्रवासाचा विचार करा. त्या भागात जोराच्या पावसात रस्त्यावर पाणी साचते आणि विरारकडून भरून येणाऱ्या गाडीत कडक इस्त्रीचा टिकाव लागत नाही. मुलाखतीच्या दिवशी साध्या शर्टात आणि रबरी चपलेत निघावे. ठेवणीतला शर्ट आणि बूट पिशवीतून न्यावेत, अर्धा तास आधी पोहोचून बदलावेत. सोबत रुमाल, कंगवा आणि कागदांची पाकिटे असावीत.

६) फोनवरची राहणीही सांभाळा. हल्ली पहिली मुलाखत पुष्कळदा मोबाईलवरच होते. फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवावा, उजेड समोरून घ्यावा, पाठीमागे मोकळी भिंत असावी. व्हॉट्सअॅपवर मिरवणुकीतला, गॉगल लावून नाचतानाचा फोटो असेल तर तो बदलावा. नोकरी देणारा आधी तोच पाहतो.

नावाची इस्त्री

कपड्याची घडी मोडली तर परत घालता येते, नावाची घालणे अवघड. म्हणून नोकरीवर असतानाच अनुभवाचा दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे यांच्या प्रती घरी आणून ठेवाव्यात. बरोबरीच्या आणि वरच्या माणसांचे फोन नंबर स्वतःच्या वहीत लिहावेत. नव्या जागेची खबर बहुधा जुन्या सोबत्याकडूनच येते. कपातीची कुणकुण लागली म्हणून कामात कुचराई करू नये, आणि निघताना भांडून, शिव्या देऊन निघू नये.

मात्र भिडेपोटी वाटेल त्या कागदावर सही करणे म्हणजे सभ्यपणा नव्हे. कामगार वर्गात मोडणाऱ्या आणि सलग एक वर्ष नोकरी झालेल्या माणसाला कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, शिवाय पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार कायद्याने मिळतो. 'स्वेच्छेने राजीनामा' असे लिहून दिले की हा हक्क हातचा जातो. सही करण्यापूर्वी कागद घरी आणावा आणि जाणकाराला दाखवावा.

गावाकडची पत

आता सभासद बंधूंना थोडे स्पष्ट सांगतो. मुंबईचा मुलगा जत्रेला आला की आपण त्याच्याकडून काय अपेक्षा करतो? वर्गणीत मोठा आकडा, भावकीच्या लग्नात भारी आहेर, पोरांना नवे कपडे. चारचौघांत फोन करून "पगार किती वाढला?" म्हणून विचारतो. मग नोकरी गेल्यावर घरी सांगायला त्याची जीभ रेटत नाही, आणि तो डबा घेऊन लोकलने हिंडत बसतो. ही वेळ आपणच त्याच्यावर आणतो, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्याकडे हंगामी कामगार गाळप संपले की घरी बसतो, त्याला कोणी हसत नाही. ऊस एक वर्ष कमी पडला म्हणून शेतकऱ्याची पत जात नाही. मग शहरातली नोकरी गेली तर पोराची का जावी? चांगला कपडा नव्या नोकरीच्या दाराशी जाण्यासाठी आहे. गेलेली नोकरी झाकण्यासाठी तो वापरला, की रोज इस्त्री करूनही माणूस आतून चुरगळत जातो.

आबांच्या मुलाने त्याच रात्री बायकोला सर्व सांगितले. ती रागावली ती नोकरी गेली म्हणून नव्हे, दोन महिने एकट्याने सोसले म्हणून. तिने कपाट उपसले, पँट मापाची करून आणली. आबांनी तीस हजार न पाठवता एका महिन्याचे भाडे आणि दोन शर्टांपुरते पैसे धाडले, आणि वर निरोप दिला, "जमलं नाही तर घरी ये. वाकुरी तुझीच हायेत." सध्या तो भाईंदरच्या एका गोदामात लागला आहे. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, पण फोनवर आवाज मोकळा असतो, असे आबा सांगतात.

तरी सर्व सभासदांना विनंती, की मुले-सुना सणाला घरी येतील तेव्हा हे पान त्यांना वाचायला द्यावे, आणि काही झाले तरी आधी घरी कळवायचे, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्यावे. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापनावर लिहू.

आपला नम्र,
ऊसविकास अधिकारी