पायली, पाटी आणि पत

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. वडिवळ्याचा माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच घरी आला. एरवी तो आला म्हणजे अंगणातूनच हाक देतो आणि ओटीवर ऐसपैस बसतो. त्या दिवशी मात्र तो मुकाट्याने उभा राहिला व खिशातील भ्रमणध्वनी काढून त्याने माझ्या हाती दिला. पुण्यातील कोणा बाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आलेला होता. मजकूर असा की, आपण दिलेला इंद्रायणी तांदूळ भेसळीचा निघाला. पाहुणे पानावर बसलेले असता भाताचा लगदा झाला. पैसे परत करावेत. आमच्या सोसायटीत यापुढे आपला तांदूळ कोणीही घेणार नाही.

"गुरुजी, खाचर माझं, भात माझं, गिरणीत मी स्वतः उभा राहून भरडून आणलं. भेसळ कुठनं होणार? या बाईंना एक कडक उत्तर लिहून द्या. तुमच्या भाषेत."

त्याचा संताप खोटा नव्हता. नाणे मावळातील हा शेतकरी पूर्वी सगळे पीक खळ्यावरच व्यापाऱ्यास घालून मोकळा होई. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने तांदूळ करून थेट पुण्यातील घरांस पोहोचविण्यास आरंभ केला. त्या एका सोसायटीत बावीस घरे त्याची गिऱ्हाइके झाली होती आणि थोरल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च त्याच चार जास्तीच्या पैशांतून चालला होता. एक घर तुटले तर त्याचे काही अडले नसते; परंतु ज्या जिन्यावरून एका घरची स्तुती दुसऱ्या घरी गेली, त्याच जिन्यावरून निंदाही जाते, आणि ती तर दोन-दोन पायऱ्या ओलांडीत जाते.

मी त्याला एवढेच विचारले, "तांदूळ नवा आहे, हे तू त्यांना सांगितले होतेस काय?"

"त्यात सांगायचं काय, गुरुजी? दिवाळीनंतरचा तांदूळ नवाच असणार!"

सगळी मेख या उत्तरात आहे. इंद्रायणी हे वाण आपल्या मावळातलेच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून ते सिद्ध झाले व १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. आंबेमोहराचा थोडा सुवास आणि भाताचा मऊ, चिकट स्वभाव हे त्याचे गुण. आता कोणताही तांदूळ नवा असता पाणी कमी सोसतो. काही महिने मुरला म्हणजे दाणा आतून कणखर होतो, पाणी अधिक पितो, फुलतो आणि मोकळा राहतो. नवे धान्य पचनास जड व वर्षभर ठेवलेले हलके, हे आयुर्वेदाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आणि आपल्या घरांतून आजारी माणसासाठी जुन्या तांदळाची बरणी वेगळी राखण्याची चाल होती ती त्याचमुळे. मुळात चिकट असे वाण, त्यातही नवे, आणि त्यावर जुन्या तांदळाच्या मापाने ओतलेले पाणी. मग लगदा न होईल तर काय होईल? आजेसासूबाई स्वयंपाकघरात असत्या तर त्यांनी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊनच पाणी आवरते घ्यावयास सांगितले असते. परंतु त्या सोसायटीतील घरांत बहुधा नवरा-बायको दोघेही कामावर जाणारी, आणि आजेसासूबाई कोठे सांगलीस वा जळगावास. त्या बाईंना हे कोणी सांगावयाचे? ज्याने तांदूळ विकला त्याने.

शिवाय त्यांच्या मनात भेसळीचीच शंका प्रथम यावी, हेही अगदीच निराधार नव्हे. आंबेमोहराच्या नावाखाली तसाच दिसणारा परप्रांतीचा तांदूळ विकला जातो, ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. गिऱ्हाईक फसत आलेले असते, म्हणून ते संशयी असते. हा संशय प्रामाणिक माणसासही भोवतो, आणि आपण प्रामाणिक आहोत एवढ्याने तो फिटत नाही. माझा विद्यार्थी खरा होता. पण त्याचा खरेपणा त्याच्याच खळ्यावर राहिला, पुण्यास पोहोचला फक्त तांदूळ.

संस्कृतात 'विश्वास' हा शब्द 'श्वस्' या धातूपासून झाला आहे. श्वास घेणे हा त्याचा अर्थ. ज्याच्याजवळ माणूस निर्धास्त श्वास घेतो तो विश्वासू. आणि आपला 'उधार' हा शब्द तर 'उद्धार' या शब्दाचा वंशज. अमरकोशात ऋणाच्या पर्यायांत 'उद्धार' दिलेला आहे. उधारीने कोणाचा उद्धार होतो, हा प्रश्न दुकानदारांनी मला अनेकदा विचारला आहे! कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे यासाठी 'वैदेहकरक्षण' हे स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. खोटी मापे, हलका माल अस्सल म्हणून विकणे, यांना दंड. आणि नफाही देशी मालावर शेकडा ५ व परदेशी मालावर शेकडा १० एवढाच. इतक्या प्राचीन काळी हे लिहावे लागले, त्यावरून तेव्हाचे व्यापारीही आजच्यासारखेच असावेत, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

मापाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. दशमान मापे कायद्याने आली ती १९५६ च्या कायद्यान्वये, आणि प्रत्यक्ष व्यवहारात रुळली ती पुढील काही वर्षांत. तरी माझ्या लहानपणी खेड्यांतून धान्य शेर-पायलीनेच बोलले जाई. चार शेरांची पायली. माप काठापर्यंत भरून वरून हात फिरविला तरी ते पुरेच. परंतु दिलदार माणूस त्यावर धान्याची निमुळती रास चढवी. तिला शीग म्हणत. 'शिगेस पोहोचणे' हा वाक्प्रचार आपण राजकारणास व उन्हाळ्यास लावतो, तो मूळचा या पायलीवरचा. शिगेत जाऊन जाऊन किती धान्य जाई? मूठ-दोन मुठी. पण घेणारा पाहत असता ती चढविली जाई, यात तिचे मोल होते. आज शीग गेली आणि विजेचा काटा आला. त्या काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवणारा दुकानदार जुन्या शिगेचेच काम करतो, असे मला वाटते.

परंतु लहान दुकानाची खरी परीक्षा मापाने होत नाही. एकट्या लहान मुलाला त्या दुकानी पाठविता येते की नाही, ही ती परीक्षा. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हे विशेष पटेल, कारण अशा घरांतून दिवसातून तीनदा तरी कोणा ना कोणा पोरास पिटाळले जाते. माझ्या आईने मला मुठीत नाणे देऊन हिंग आणावयास पाठविले होते, तो प्रसंग मला अजून आठवतो. मी सात-आठ वर्षांचा असेन. दुकानदाराने डबी उघडली, वास घेतला, मिटली, आणि नाणे माझ्याच मुठीत परत ठेवून म्हणाला, "आईला सांग, आज हिंग बरा नाही. परवा नवा येईल, तेव्हा ये." मला वाटले, रिकाम्या हाताने गेलो म्हणून आई रागावेल. आई रागावली नाही. त्यानंतर आमच्या घरचे वाणसामान जवळजवळ तीस वर्षे त्याच दुकानातून आले. तो मनुष्य बोलण्यात गोड मुळीच नव्हता. सकाळच्या वेळी त्याच्या तोंडास लागू नये, अशी त्याची गावभर ख्याती होती.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, हल्ली 'ग्राहकसेवा' म्हटली की हसतमुखाने स्वागत, पेयपान आणि 'आपली सेवा हेच आमचे भाग्य' असले शब्द लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. गोडव्याचे मला वावडे नाही. पण गोड बोलून 'उद्या या' म्हणणाऱ्यांनी माझे जितके हेलपाटे घडविले आहेत, तितके कोणा तुसड्याने घडविले नाहीत. तालुक्याच्या गावी एका कारागिराकडे मी घरचे मिश्रणयंत्र, म्हणजे मिक्सर, दुरुस्तीस टाकला होता. पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेस चहा मिळाला आणि 'उद्या नक्की' मिळाले. सहाव्या खेपेस कळले की लागणारा भाग बाजारात येतच नाही, आणि हे त्यांस पहिल्याच दिवशी ठाऊक होते. यंत्राचे दुःख नाही. पाच चहांचे मात्र अजून वाटते.

याच न्यायाने पुण्याच्या पाट्यांकडे पाहावे. त्यांची थट्टा सर्वत्र होते व ती करमणुकीची आहे. पण 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी उद्धट नसून उपयुक्त आहे, हे लोणावळ्याच्या बाजारपेठेतून एकदा चिक्की घेण्यास निघालेल्या माणसास समजते. तेथे एकाच नावाच्या, किंवा एका अक्षराने भिन्न अशा, इतक्या पाट्या ओळीने दिसतात की 'मूळ' आणि 'जुने' या शब्दांस काही अर्थच उरत नाही. अशा वेळी नेहमीचे गिऱ्हाईक पाटी वाचत नाही. मागच्या खेपेस ज्याने 'ही चिक्की आजची, ती कालची' असे आपण होऊन सांगितले, त्याच्या पायरीशी जाते.

चितळे बंधूंची दुपारची सुट्टी हेही असेच उदाहरण. १९५० साली पुण्यात सुरू झालेल्या या दुकानाची दुपारी एक ते चार ही विश्रांती विनोदाचा विषय होऊन बसली होती. २०१७ साली त्यांनी दुपारीही विक्री चालू ठेवण्याचे ठरविले, तेव्हा त्याची बातमी वर्तमानपत्रांतून झळकली. दुकान उघडे राहणार याची बातमी व्हावी, असे भाग्य किती दुकानांस लाभते? गैरसोय होती, परंतु ती सर्वांस आगाऊ ठाऊक होती. एक वाजता बंद म्हणजे बंद आणि चार वाजता उघडे म्हणजे उघडे. त्या वक्तशीरपणावर मनुष्य घड्याळ लावू शके, आणि ज्याच्या वेळेवर विसंबता येते त्याच्या बाकरवडीवरही विसंबता येते, असे मन आपोआप ठरविते.

गिऱ्हाइकाशी बोलत राहण्याचे याहून मोठे उदाहरण मासिकांच्या वाचकांस तरी ठाऊक असावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती आणि आरंभी नांगर पडून राहिले. माल उत्तम असूनही तो समजावून सांगितल्यावाचून खपत नाही, हा धडा त्या घराण्यास असा मिळाला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची व मालाची खबर देणारे ते पत्रक वाढत वाढत महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक झाले. म्हणजे ज्या मासिकाने दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, त्याचे मूळ नांगराच्या गिऱ्हाइकास चार शब्द सांगण्यात होते.

आता सरकारनेही हे बोलणे सक्तीचे केले आहे. बांधीव मालाच्या वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत आणि बांधणाऱ्याचे नाव तर हवेच. पण तक्रार कोणाकडे करावी त्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांकही छापावा लागतो, असा २०११ चा नियम आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला आणि २०१९ साली त्याच्या जागी नवा आला. हे सर्व इष्टच झाले. फक्त, छापलेल्या क्रमांकावर पलीकडून कोणी बोलावे, याची तरतूद कोणत्या कलमात आहे ते मला सापडलेले नाही.

असो. माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. कडक उत्तर मी लिहिले नाही. त्याला ते आवडले नाही. पत्राचा मजकूर थोडक्यात असा केला की, तांदूळ माझ्या शेतातला व नवा आहे, नव्याला पाणी कमी लागते, ते आधी सांगावयास हवे होते ते राहून गेले. उरलेला तांदूळ परत नेईन व पैसे देईन, अथवा तोच दोन-चार महिने ठेवून पाहावा. 'राहून गेले' या शब्दांवर तो बराच वेळ अडला. "चूक माझी नाही, गुरुजी." मी म्हटले, "चूक आहे असे कोठे लिहिले आहे? राहून गेले असे लिहिले आहे." शेवटी त्याने पाठविले.

पुढच्या पिशव्यांत घालावयास एक चिठ्ठी हवी, असेही ठरले. मी मोठ्या हौसेने मजकूर सिद्ध केला: 'हा तांदूळ नूतन असल्याकारणाने पाक करतेवेळी जलाचे प्रमाण न्यून ठेवावे.' तो कागद घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी छापण्यापूर्वी मला दाखविण्यास आला. त्याच्या पत्नीने माझे वाक्य आडवी रेघ ओढून खोडले होते आणि खाली आपल्या अक्षरांत लिहिले होते: 'तांदूळ नवा आहे. पाणी एक पेर कमी घाला. भात बिघडला तर फोन करा, मी सांगते.'

चिठ्ठी तशीच छापली. आमच्या घरातही एक डब्यावर चिकटविलेली आहे. फोन येतात, आणि बहुतेक ती बाईच घेते. तक्रार करणाऱ्या बाईंनी तांदूळ परत केला नाही, पैसेही मागितले नाहीत. पण त्यांचा निरोप मात्र अद्याप आलेला नाही.