परवाना कायमचा, तारीख मात्र पाळायचीच

औषधविक्रीचा परवाना गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे दुकान पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचे असो की पुण्याचे, नमुना 20 आणि 21 चे फ्रेम केलेले कागद काउंटरमागच्या भिंतीवर दिसतात. जुन्या परवान्यावर मुदत संपण्याची तारीख असायची. आताच्या परवान्याला तशी मुदत नाही. ही गोष्ट दुकानदाराच्या सोयीची आहे, आणि इथेच तो फसण्याची भीतीही आहे.

27 ऑक्टोबर 2017 रोजी केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मध्ये दुरुस्ती केली आणि दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण बंद झाले. परवाना निलंबित किंवा रद्द होईपर्यंत चालू राहतो. फक्त दर पाच वर्षांनी ‘रिटेन्शन फी’ भरायची. किरकोळ विक्रीच्या दोन्ही परवान्यांचे प्रत्येकी 1,500, म्हणजे 3,000 रुपये. उशीर झाला तर महिन्याला दोन टक्के विलंब शुल्क, म्हणजे जेमतेम 60 रुपये. पण ही सवलत सहाच महिने मिळते. तोपर्यंतही पैसे भरले नाहीत, तर परवाना रद्द झाला असे मानले जाते. सहाव्या महिन्यापर्यंत जादा 360 रुपयांत मिटणारे काम त्यानंतर अख्ख्या दुकानावर बेतते.

नूतनीकरण होते तेव्हा अर्ज, कागदपत्रे, तपासणी या धावपळीत तारीख आपोआप लक्षात राहायची. आता कागदच ‘कायमचा’ झाल्यामुळे ती लक्षात ठेवण्याचे काम पूर्णपणे परवानाधारकावर आले आहे.

वाहनचालकांचे वेळापत्रकही असेच बदलले आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतरही एक वर्षापर्यंत करता येतो. त्याहून उशीर झाला, तर वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. ‘वर्षभर मुभा आहे’ असे चालक एकमेकांना सांगतात, पण ती मुभा अर्ज करण्याची आहे, गाडी चालवण्याची नाही. पूर्वी मुदत संपल्यावरही परवाना 30 दिवस ग्राह्य धरला जायचा. 2019 च्या दुरुस्तीने ती तरतूदच काढून टाकली.

धानाची पोती वाहणाऱ्या ट्रकच्या चालकाचे कार्ड नीट वाचले तर त्यावर मुदतीच्या दोन तारखा दिसतात, एक खासगी वाहनांसाठी आणि एक व्यावसायिक वाहनांसाठी. बत्तिसाव्या वर्षी परवाना घेतलेल्या माणसाला खासगी वाहनासाठी दहा वर्षे मिळतात, व्यावसायिकसाठी पाचच. लांबची तारीख पाहून तो निर्धास्त राहतो आणि जिच्यावर पोट चालते ती तारीख निघून जाते. मग अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडे मागते. वैध परवान्याशिवाय गाडी चालवण्याचा दंड 5,000 रुपये आहे. नूतनीकरणाचे मूळ शुल्क डिसेंबर 2016 च्या अधिसूचनेनुसार 200 रुपये.

छोटे पिकअप आणि रिक्षा चालवणाऱ्यांना एक दिलासा मिळाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला की, 7,500 किलोपेक्षा कमी वजनाचे व्यावसायिक वाहन चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, वेगळ्या नोंदीची गरज नाही.

गाडीच्या फिटनेसची तारीख मात्र त्यांनाही सुटलेली नाही. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी करायचे, नंतर दरवर्षी. उशिराला दिवसाला 50 रुपये, म्हणजे वर्षभर चुकले तर 18,250 रुपये! 2024 च्या मे महिन्यात राज्यात या रकमेची वसुली सुरू झाली, तेव्हा रिक्षाचालक रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये सरकारला वसुली थांबवावी लागली. बंद पडलेली किंवा दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून उभी असलेली रिक्षाही रोज 50 रुपयांनी कर्जात जात होती. चालकांचा संताप रास्त होता.

कृषी सेवा केंद्रांपुढचा प्रश्न पैशांपेक्षा शिक्षणाचा आहे. कीटकनाशक विक्रेत्याला कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाचे शिक्षण हवे, अशी अट 2015 मध्ये आली. जुन्या दुकानदारांना मुदतवाढी मिळाल्या, पुढे बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची वाटही निघाली. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने 2003 मध्ये सुरू केलेली, विक्रेत्यांसाठीची ‘देसी’ पदविका 48 आठवड्यांची आहे आणि वर्ग बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी भरतात. कुठले औषध किती मात्रेत फवारायचे, हे बहुतेक शेतकरी दुकानदारालाच विचारतात. त्यामुळे ही अट जाचक वाटली तरी ती हवीच.

खेड्यातल्या माणसाला या बदलांत वेळेवर भरायचे शुल्क फारसे जड जात नाही. जड जातात त्या प्रत्येक धंद्याच्या निरनिराळ्या तारखा आणि जिल्ह्याच्या गावी बुडणारा दिवस. मार्च 2021 मध्ये परिवहन विभागाच्या 18 सेवा आधार क्रमांकावर ऑनलाइन झाल्या. चाचणी लागत नसलेले परवान्याचे नूतनीकरण त्यांत आहे. व्यावसायिक चालकाला सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, नमुना 1-अ, जोडावे लागते. नोंदीतला मोबाइल नंबर बदलला असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण ओटीपी आणि सूचना त्याच नंबरवर येतात.

परिवहन कार्यालये तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेतात. त्याच दिवशी, त्याच मांडवात अन्न व औषध प्रशासन आणि कृषी विभागाचे टेबल लागले, तर कोंढ्याच्या दुकानदाराचे आणि चालकाचे काम एका फेरीत होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तीन खात्यांनी मिळून एक तारीख ठरवावी लागते, आणि खरिपाची गर्दी सुरू होण्याआधीचा एप्रिल त्याला सोयीचा आहे.